अप्पांच्या मोटरसायकलचं इंजिन

अप्पा बाजारात चहापत्ती विकायचे. आमचं गाव वालूरच्या जवळ, मध्ये शेतं आणि एक कॅनॉल. आठवड्यातले बहुतेक दिवस ते मोटरसायकलवर बाहेर असत. कधी वालूर, कधी झरी, कधी पार चारठाण्यापर्यंत, जिथं बाजार भरेल तिथं. मागच्या सीटला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवलेल्या, एकीत बारीक पत्ती, दुसरीत जाड, आणि वर दोरीनं बांधलेला तराजू. त्या गाडीच्या सीटला, टाकीला, चेनच्या ग्रीसलासुद्धा चहाचा वास यायचा. आम्ही लहानपणी त्या वासावरूनच ओळखायचो की अप्पा आले.

मी त्यांच्या धंद्यात गेलो नाही. मला लोखंडाची आवड. फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे, गेट, खिडक्यांच्या जाळ्या, शेतातल्या शेडचे सांगाडे करतो. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. माझ्या दुकानावरून जाताना ते हॉर्न वाजवायचे, मी हात वर करायचो. आमचं बोलणं तेवढंच, पण ते रोज व्हायचं.

मग एका हिवाळ्यात सकाळी बाजाराला निघताना ते पिशवीचं तोंड बांधत होते आणि गाठ बसेना. आईला वाटलं, थंडीनं बोटं आखडली असतील. तिनं पुढं होऊन गाठ मारली. तेवढ्यात ते ओट्यावर बसले आणि तिथंच उजवीकडं कलले. अंगावरून वारं गेलं होतं. परभणीला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेलेला होता, आणि तोंडात एकच बोल उरला होता. "राहू दे."

काहीही विचारलं तरी तेच. जेवता का? राहू दे. दुखायलंय का? राहू दे. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की त्यांना बरंचसं कळतं, पण बोलायला गेले की तोंडातून तेवढंच येतं, त्यामुळं त्याचा अर्थ लावत बसू नका. मान हलवायचे, पण होला आणि नाहीला सारखीच. आई म्हणायची, मला समजतं ते काय म्हणायलेत. कधी ती जेवण वाढायची आणि ते जेवायचे, कधी वाढलेलं ताट ते डाव्या हातानं सरकवायचे. मला काहीच समजत नव्हतं. चाळीस वर्षं बाजारात भाव करणारा माणूस, आणि मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या चेहऱ्यावर नुसता अर्थ शोधत राहायचो.

बाजाराचा दिवस त्यांना बरोबर कळायचा. त्या दिवशी ते सकाळीच उठून बसायचे. आई त्यांना टोपी घालायची. मग ते भिंत धरून, पाय ओढत अंगणात मोटरसायकलपाशी जायचे. तिथं आम्ही खुर्ची ठेवली होती. ते खुर्चीत बसायचे, डावा हात हँडलवर ठेवायचे आणि ऊन वर येईपर्यंत तसेच बसायचे. गाडी पुसलेली होती, टाकीत पेट्रोल होतं. बंद राहून इंजिन खराब होऊ नये म्हणून मी अधूनमधून ती चालू करायचो. चालू केली की ते माझ्याकडं बघायचे. बंद केली की खाली बघायचे.

एकदा मी त्यांना मागं बसवून न्यायचं ठरवलं. वालूरच्या बाजारात त्यांची माणसं होती, नुसतं भेटून यावं. आईनं उपरण्यानं त्यांना माझ्या कमरेला बांधलं. गल्लीच्या पहिल्याच वळणावर त्यांचं सगळं वजन उजवीकडं गेलं. मी पाय टेकला म्हणून पडलो नाही, पण पुढं काही करता येईना. त्यांना सोडून उतरावं तर ते पडणार. तसंच पुढं जावं तर दोघंही पडणार. ते माझ्या पाठीला बांधलेले, त्यांचा श्वास माझ्या मानेवर, आणि मला त्यांचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. मी एका पायावर गाडी तोलून उभा होतो. कुणीतरी येईल याची वाट बघण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. शेवटी शेजारचे काका आले आणि त्यांनी गाठ सोडली.

चार चाकांची गाडी घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तो विचारच मी केला नव्हता. पण पुढच्या उन्हाळ्यात चारठाण्याच्या एका शेतकऱ्याकडं शेडचं माप घ्यायला गेलो. त्यांच्या गोठ्याच्या कडेला एक अजब वस्तू पडलेली दिसली. पाइपांचा सांगाडा, त्याला चार बारकी चाकं, स्टेअरिंग, दोन सीटा, पुढं जीपसारखं पत्र्याचं तोंड. इंजिन नव्हतं. त्यांनी सांगितलं की असे सुटे भाग जोडून घरी गाडी करता येते, इंजिन आपलं आपण घालायचं, मोटरसायकलचं चालतं. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी ते बाहेरून मागवलं होतं. मुलगा सांगाडा उभा करून नोकरीसाठी पुण्याला गेला, तो परत त्याकडं बघायला आला नाही.

मी हात लावून बघत होतो तेव्हा एका सीटवरून कोंबडी उडाली. खाली अंडं होतं.

"न्यायचंय तर न्या," ते म्हणाले. "कोंबड्यांना मी दुसरी पाटी देतो."

टेम्पोत घालून मी तो सांगाडा घरी आणला. अंगणात ठेवला, मोटरसायकलच्या शेजारी. अप्पांनी तो बराच वेळ बघितला.

माझा विचार होता की भंगारातून एखादं जुनं इंजिन मिळवावं. परभणीला जाऊन दोन-तीन ठिकाणी बघूनही आलो. जे होतं ते सगळं झिजलेलं. मी घरी येऊन सांगितलं तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात इंजिन असताना बाहेर कशाला धुंडायलास?"

मी बाहेर बघितलं. मोटरसायकल उभी होती. हे माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण मी ते मनात पुरतं येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांच्या समोर उकिडवा बसलो. त्यांना नीट विचारायचं मी ठरवलं होतं. म्हटलं, "अप्पा, तुमच्या गाडीचं इंजिन काढून ह्यात बसवू का? तुमाला नीट बसता येईल. बाजाराला जाऊ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मोटरसायकलकडं. "राहू दे."

मी उलटं विचारलं. "मग नको काढू? हाय तशी ठेवू?"

"राहू दे."

तोच सूर, तीच मान. मी अजून दोन-तीन तऱ्हांनी विचारलं. शेवटी ते डोळे मिटून बसले आणि मला लाज वाटली, की ज्या माणसाकडं शब्द नाहीत त्याला मी वकिलासारखा उलटसुलट विचारतोय.

आईनं सांगितलं, ते हो म्हणायलेत. बायको म्हणाली, मला तर ते नाही म्हणाल्यासारखे वाटले. मी पाने-पक्कड घेऊन मोटरसायकलपाशी बसलो.

सीट काढली, टाकी उतरवली. टाकीच्या खाली चहाच्या भुकटीचा थर होता, तेलात भिजून काळा झालेला. मी तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला. सायलेन्सर काढला, वायरी सोडल्या, नंतर घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक वायरीला चिंधी बांधली. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. शेवटचा बोल्ट निघाला आणि मी इंजिन दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचललं. वळलो तेव्हा अप्पा चांगल्या पायानं जमिनीला रेटा देत खुर्ची फिरवत होते. थोडी थोडी करत त्यांनी ती भिंतीकडं फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

इंजिन माझ्या हातातच होतं. मला ते खाली ठेवावं का परत चढवावं काही सुचेना.

त्यानंतर काही दिवस मी कशालाच हात लावला नाही. इंजिन गोणपाटावर पडून होतं. मोटरसायकलच्या मधोमध नुसती पोकळी होती, तिच्यातून पलीकडची तुळस दिसायची. दुकानावर गेलो तरी मनात तेच. शेवटी एका सकाळी आईनं मला अडवलं. "करायचं तर कर, न्हाईतर परत बसव. त्यांच्या तोंडाकडं बघत बसलास तर कायीच व्हायचं न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. ती दमली होती. रात्रंदिवस त्यांच्या मनातलं ओळखायचं काम तीच करत होती.

मी काम सुरू केलं. अप्पा त्या दिवशी अंगणाकडं तोंड करून बसले होते. कशामुळं, ते मी विचारलं नाही.

इंजिन सीटांच्या मागं, मागच्या एक्सलच्या पुढं बसवायचं होतं. बसवायचं म्हणजे नुसतं ठेवायचं नाही. मोटरसायकलच्या इंजिनाला चेनचं दातेरी चाक एका बाजूला असतं. एक्सलवरचं मोठं दातेरी चाक त्याच्या बरोबर सरळ रेषेत यायला पाहिजे. केसभर फरक पडला तर चेन उतरणार. मी दोरी ताणून बघायचो, इंजिनाखाली पट्ट्या सरकवायचो, परत दोरी ताणायचो. दोरीत सरळ दिसायचं, बोल्ट आवळले की तिरकं. मग लोखंडी अँगल कापून इंजिनाला धरणारे कान केले, ते सांगाड्याला वेल्ड केले. वेल्डिंग करताना अप्पांना सांगायचो, तोंड फिरवा, डोळ्याला त्रास होईल. ते फिरवत नसत. मग आई त्यांच्यासमोर पदर धरून उभी राहायची. ठिणग्या थांबल्या की पदर खाली, परत सुरू झाल्या की वर.

गिअरसाठी मी एक सळई वाकवून हातात येईल असा दांडा केला. क्लच पायाखाली घेतला. फाट्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी सगळं हलवून बघितलं, चांगलं झालंय म्हणाले. मग विचारलं, "आन् मागं कशी घेणार?"

मोटरसायकलला रिव्हर्स नसतो. मला हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. पण एवढे दिवस मी पुढं जाण्याचाच विचार करत होतो. मिस्त्री म्हणाले की वेगळा गिअरबॉक्स जोडून करता येतं, पण त्याला जागा नाही आणि सामानही इकडं मिळत नाही. ढकलून घ्यायची, दुसरं काय.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा किक मारायला मला मागं उभं राहावं लागलं. दोन-तीनदा नुसता हवेचा आवाज झाला. मग इंजिन लागलं. आवाज तोच होता, अप्पा फाट्यावरून जायचे तोच. मी अप्पांकडं बघितलं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. त्यांची बोटं दांड्याभोवती मिटली, आणि जरा वेळानं हळूहळू उघडली. क्लच सोडताना उघडतात तशी.

मी गडबडीनं जाऊन बसलो, गिअर टाकला. गाडीनं एक हिसका दिला आणि बंद पडली. परत चालू केली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि मागून मोठा आवाज झाला. मागचा कान सांगाड्यापासून सुटला होता, इंजिन एका अंगावर पडलं होतं, चेन खाली लोळत होती. वेल्डिंग माझंच होतं. एवढ्या वर्षांत माझं एक गेट कधी सुटलं नाही, पण गेट हादरत नाही. गाडी ढकलत परत आणली. मग जाड पट्टी लावली, खाली टायरचं रबर घातलं, कोपऱ्यांत त्रिकोणी तुकडे भरले. तेव्हा कुठं ते इंजिन जागेवर राहिलं.

वालूरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही सडकेनं नाही, शेतांमधल्या पांदणीनं निघालो. आईनं अप्पांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली. मी त्यांना डावीकडच्या सीटवर बसवून पट्टा आवळला. म्हणजे त्यांचा उजवा हात, जो हलत नव्हता, तो गिअरच्या दांड्याजवळ आला. निघाल्यावर मी बघितलं, ते डावा हात अंगावरून पलीकडं आणून दांड्यावर ठेवायला बघत होते. पट्ट्यानं तेवढं वळता येत नव्हतं. मी गिअर टाकला की त्यांची नजर माझ्या हातावर यायची.

अर्ध्या वाटेत समोरून ट्रॅक्टर आला, मागं कडब्यानं भरलेली ट्रॉली. पांदण अरुंद, दोन्हीकडं काट्याचं कुंपण. ट्रॅक्टरवाला हातानं मागं घ्या म्हणून खुणावत होता. मी खाली उतरून त्याला सांगितलं की ही गाडी मागं जात नाही. त्याला पहिल्यांदा पटलं नाही. मग तोही उतरला. आम्ही दोघांनी पुढून रेटून गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. अप्पा सीटवर ताठ बसलेले, तोंड वालूरकडं, आणि वालूर त्यांच्यापासून लांब चाललेलं. मी त्यांच्या समोरच होतो, हात पत्र्यावर, मान खाली. वर बघायचं मी टाळलं. गाडी पार शेताच्या तोंडापर्यंत मागं न्यावी लागली. ट्रॅक्टर गेला. किक मारून आम्ही परत निघालो. ऊन चढलं होतं, पाठीमागं इंजिन तापून त्याची आच मानेला लागत होती. वाऱ्यावर थंड व्हायचं इंजिन ते, मी त्याला सीटांच्या मागं कोंडलं होतं. म्हणून दोनदा झाडाखाली थांबलो.

बाजारात पोचलो आणि माणसं गोळा झाली. गाडी बघायला पोरंसोरं, अप्पांना बघायला जुने दुकानदार. अप्पांच्या जागेवर आता दुसरा एक चहापत्तीवाला बसत होता. तो उठला, म्हणाला, "या मामा, तुमचीच जागा हाय, बसा."

"राहू दे," अप्पा म्हणाले.

शेजारच्या मसालेवाल्यानं चहा मागवला. "राहू दे," अप्पा म्हणाले. तरी चहा आला आणि त्यांनी डाव्या हातानं घेतला. मिरचीवाल्या मावशी त्यांच्या पायाला हात लावायला वाकल्या. "राहू दे." कुणी म्हणालं, अप्पा तुमी नाहीत तर बाजारात मजा न्हाई. "राहू दे." सगळे हसले, अप्पाही हसले. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्यांना काय झालंय हे तिथल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही. सगळं बरोबर चाललं होतं. बाजारात माणूस माणसाला दुसरं म्हणतो तरी काय? आईला तिथं आणायला पाहिजे होतं असं मला वाटलं.

निघताना बाजाराच्या कडेला एक हवालदार गाडीभोवती फिरून बघत होते. त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं, ही कुठून घेतली. मी खरं सांगितलं. ते म्हणाले की घरी केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, कागद नाहीत, उद्या काही झालं तर तुम्हीच अडकाल. मी म्हटलं, वडील आजारी आहेत. ते अप्पांकडं वळले.

"राहू दे," अप्पा म्हणाले.

"बाबा, राहू दे म्हणून कसं चालंल," हवालदार म्हणाले. मग मला म्हणाले, आज शेतातून घेऊन जा, परत इकडं आणू नका.

मी परभणीला आरटीओ ऑफिसात जाऊन चौकशी केली. तिथल्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. अशा गाडीला कागद मिळत नाहीत, त्यानं सांगितलं. आणि ज्या मोटरसायकलचं इंजिन काढलं तीही आता कागदावर आहे तशी राहिली नाही. म्हणजे घरात दोन गाड्या होत्या आणि त्यातली एकही रस्त्यावर जाऊ शकत नव्हती. तो माणूस चुकीचं बोलत नव्हता.

इंजिन परत मोटरसायकलला बसवावं का, हा विचार मी केला. ते अवघड नव्हतं, चिंध्या बांधलेल्या वायरी तशाच होत्या. पण मग अप्पा परत तिच्याजवळ खुर्ची टाकून बसणार. नाही बसवलं तर निदान कुठंतरी जाता येतं. त्यांना काय पाहिजे ते मला आजही माहीत नाही. आई म्हणते, त्यांना ही चार चाकांची गाडीच पाहिजे. ती म्हणते म्हणून मी तसं धरून चालतो.

आता आम्ही संध्याकाळी कॅनॉलपर्यंत जातो. पांदणीवर कुणी विचारत नाही. कॅनॉलच्या वर थोडी मोकळी जागा आहे, तिथं गाडी फिरवता येते. तिथं इंजिन बंद करून आम्ही बसतो. पाणी सोडलेलं असलं तर ते पाण्याकडं बघतात, नसलं तर पलीकडच्या तुरीच्या रानाकडं. कधी कधी वालूरचा एखादा ओळखीचा माणूस सायकलवर जाताना थांबतो, चार शब्द बोलतो. मी बाजारातल्या गोष्टी सांगतो, कोण आलं होतं, पत्ती काय भावानं गेली. ते ऐकतात असं मला वाटतं. अंधार पडायच्या आत घरी येतो.

सुरुवातीला त्यांना सीटवरून उतरवायला आई आणि मी दोघं लागायचो. एक जण पाय बाहेर काढायचा, एक जण काखेतून धरायचा. पावसाळ्यानंतर ते खूप वाळले. जेवण कमी झालंय, डॉक्टरांनी औषध बदलून दिलंय, त्याचा फरक अजून दिसत नाही. आता मी एकटाच त्यांना उचलतो आणि ओट्यापर्यंत नेतो. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. मी त्यांना बसवतो, त्यांची टोपी सरळ करतो, आणि गाडीवर ताडपत्री टाकायला परत अंगणात जातो.